रविवारी संघ कळतात, शुक्रवारी सामना: अमेरिकी कॉलेज हॉकीतल्या रिकाम्या खुर्च्या

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमची मुलगी मिनेसोटात शिकते. हिवाळाभर तिच्या कॉलेजच्या हॉकी सामन्यांना गर्दी असते, मोठ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तर तिकीट मिळवताना नाकी नऊ येतात. मग मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेची पहिली फेरी टीव्हीवर लावली, तर अर्धं स्टेडियम रिकामं कसं? ही मैदानं ठरवतं कोण? आणि सरळ कॉलेजांच्या रिंकवरच सामने का घेत नाहीत?"

बावीस वर्षं मी अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातल्या एका मध्यम शहरातल्या अरीनात, म्हणजे बंदिस्त क्रीडागृहात, तिकीट खिडकीच्या आतल्या बाजूला आहे. आधी खिडकीवर बसायचे, आता तो विभाग सांभाळते. ही विभागीय फेरी आमच्याकडे काही वेळा झाली आहे, त्यामुळे त्या रिकाम्या खुर्च्या मी टीव्हीवर नाही, समोर पाहिल्या आहेत. आणि खरं सांगायचं तर त्या किती भरतील याचा माझाही हिशेब एकदा चुकला होता.

आधी एक खुलासा. आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आणि हिरवं मैदान डोळ्यासमोर येतं. इथली हॉकी बर्फावरची, त्या बर्फाच्या मैदानाला रिंक म्हणतात. पायात स्केट, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती, तिला पक म्हणतात. एनसीएए म्हणजे कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था, आणि तिच्या सर्वांत वरच्या श्रेणीत पुरुषांचे साठाच्या वर संघ आहेत. 2003 पासून त्यांतले सोळा राष्ट्रीय स्पर्धेत येतात. चार शहरं, प्रत्येकी चार संघ, प्रत्येक शहरात तीन सामने: दोन उपांत्य, एक अंतिम. हीच विभागीय फेरी. हरला की घरी. प्रत्येक शहरातून एक, असे चार संघ उरतात आणि ते पुढे 'फ्रोझन फोर'ला, म्हणजे स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्याला जातात.

आता उत्तर. इमारत ठरते दोन-तीन वर्षं आधी. संघ ठरतात सामन्याच्या चार-पाच दिवस आधी. बाकी सगळी कारणं या एका गोष्टीतून निघतात.

तो रविवार कसा असतो ते सांगते. दुपारी टीव्हीवर सोळा नावं जाहीर होतात. आम्ही ऑफिसात पिझ्झा मागवून बसलेलो असतो. आपल्या शहराची चौकट पडद्यावर आली की पहिल्या काही सेकंदांत मला आठवडा कसा जाणार ते कळतं. चारांपैकी दोन कॉलेजं गाडीच्या टप्प्यात असतील, तर पाच मिनिटांत वेबसाइट दमते. चारही लांबची असतील, तर पहिला फोन कुणाचा येतो माहीत आहे? खेळाडूच्या आईचा. ती येणारच असते, तिचा प्रश्न फक्त पार्किंगचा असतो. दुसरा फोन शरद ऋतूतच तिकीट घेऊन ठेवलेल्या स्थानिक माणसाचा: "परत घेता का?" नाही घेत. त्यानंतर फोन शांत.

कारण साधं आहे. रविवारी संध्याकाळी कळलं, गुरुवारी किंवा शुक्रवारी दुपारी दोनला सामना. विमानाचं तिकीट पाच दिवसांवर आलं की भाव कुठे जातो ते तुम्हाला सांगायला नको. पूर्वी विभागीय फेरीतले उपांत्य आणि अंतिम सामने लागोपाठच्या दिवशी व्हायचे. आता मधे एक दिवस विश्रांतीचा असतो. खेळाडूंसाठी ते योग्यच आहे, पण चाहत्याच्या माथी हॉटेलची आणखी एक रात्र येते आणि ऑफिसातली आणखी एक सुट्टी. तीन सामन्यांचं एकत्र तिकीट शंभर डॉलरच्या आगेमागे. चौघांचं कुटुंब हिशेब मांडतं आणि म्हणतं, जिंकले तर फ्रोझन फोरला जाऊ.

म्हणून माझा एक घरगुती ठोकताळा आहे: चार तासांची गाडी. त्याच्या आतला चाहता येतो, बाहेरचा येत नाही. आई-वडील, कॉलेजचा बँड आणि मूठभर वेडे सोडून. मैदान निवडताना खुर्च्या किती हे विचारण्याआधी, पाच दिवसांच्या सूचनेवर चार तासांत गाडीनं येऊ शकतील अशी हॉकीवेडी माणसं किती, हे विचारायला हवं. बहुतेक अर्जांत हा प्रश्न शेवटून दुसऱ्या पानावर असतो. पहिल्या पानावर लक्झरी बॉक्स किती आणि हॉटेलच्या खोल्या किती.

मैदान ठरवतं कोण? एनसीएएची समिती, पण आलेल्या अर्जांतूनच. ही गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. एखादं शहर, तिथली अरीना आणि यजमान म्हणून एखादं कॉलेज किंवा लीग (हंगामभर आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) असे मिळून अर्ज करतात, खर्चाचा आणि उत्पन्नाचा अंदाज देतात, ठरावीक रकमेची हमी घेतात. हमी घेतली की ती तिकिटातून वसूल करायची, म्हणून तिकीट महाग. पूर्वेकडे बोस्टनच्या आसपास कॉलेजं दाटीनं आहेत, मधल्या आकाराच्या अरीनाही आहेत: मँचेस्टर, वूस्टर, प्रॉव्हिडन्स, ब्रिजपोर्ट. तिथे अर्जांचा तुटवडा नसतो. पश्चिमेकडे अंतरं मोठी, आणि मार्चअखेरीस अरीना रिकामी मिळणं कठीण. कुठे व्यावसायिक संघाचे सामने, कुठे मुलांचा आइस शो, कुठे राक्षसी ट्रकांची सर्कस. ज्यानं अर्ज केला, त्यातलाच बरा निवडायचा. समितीला शिव्या घालणं सोपं आहे, पण अर्ज करणाऱ्यांची यादी पाहिली की तिची दया येते.

आणि हे आजचं नाही. ही स्पर्धा 1948 साली सुरू झाली ती कोलोरॅडो स्प्रिंग्जमधल्या ब्रॉडमूर हॉटेलच्या आइस पॅलेसमध्ये, आणि पहिली दहा वर्षं तिथेच झाली. त्यांतली सहा विजेतेपदं मिशिगननं नेली, पण तो वेगळा विषय. सांगायचा मुद्दा, पहिल्या दिवसापासून जागा ठरली ती यजमानपण कोण अंगावर घेतो यावर. लग्न कुठे? ज्याच्याकडे कार्यालय मिळेल तिथे.

समितीच्या हातात एक गोष्ट मात्र असते: कुठला संघ कुठे पाठवायचा. नियम असा की यजमान कॉलेज पात्र ठरलं, तर ते आपल्याच शहरात खेळणार. एकाच लीगचे दोन संघ शक्यतो पहिल्याच सामन्यात भिडवायचे नाहीत. मानांकनाचा तोल राखायचा, म्हणजे पहिल्या क्रमांकाला सर्वांत सोपी वाट. आणि मग जमलं तर गर्दीचाही विचार करायचा. या चार दोऱ्या चारी बाजूंनी ओढतात. मी दरवर्षी रविवारच्या आधी कागदावर मांडून बघते, आणि दरवर्षी कुठल्या तरी शहराचं नशीब फाटतंच.

यजमानाचा नियम कसा अंगावर येतो ते 2024 मध्ये स्प्रिंगफील्डला दिसलं. मॅसॅच्युसेट्समधलं हे शहर, यजमान युनिव्हर्सिटी ऑफ मॅसॅच्युसेट्स, त्यांचं ऍमहर्स्ट तिथून चाळीस किलोमीटरवर. गटात ते चौथ्या मानांकनावर होते, म्हणजे सर्वांत खाली. गटात अव्वल होता डेन्व्हर, तो तीन हजार किलोमीटरवरून आला. कागदावर मैदान 'तटस्थ', प्रत्यक्षात गर्दी चौथ्या मानांकिताची. डेन्व्हर 2-1 नं जिंकला, तोही दुसऱ्या जादा वेळेत, आणि पुढे सेंट पॉलला बोस्टन कॉलेजला हरवून दहावं विजेतेपद घेऊन गेला. हरला असता तर वर्षभर वरच्या क्रमांकासाठी धडपडायचं कशाला, हा प्रश्न त्यांनी विचारला असता, आणि त्याला उत्तर नव्हतं.

गर्दीच्या दृष्टीनं मात्र यजमान पात्र ठरणं ही लॉटरीच. पेनसिल्व्हेनियातल्या ऍलनटाउनमध्ये साडेआठ हजारांच्या आसपास खुर्च्या आहेत, यजमान पेन स्टेट. 2025 मध्ये पेन स्टेट शेवटच्या टप्प्यात गाडी पकडून स्पर्धेत आलं, ऍलनटाउनमध्ये मेन विद्यापीठाला आणि जादा वेळेत कनेटिकटला हरवून इतिहासात पहिल्यांदा फ्रोझन फोरला गेलं. कॉलेजपासून पावणेतीन तासांची गाडी. माझ्या ठोकताळ्यात चपखल. त्याच वर्षी फार्गोचं बघा. नॉर्थ डकोटातली पाच हजारांची अरीना, यजमान युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ डकोटा, जिचं ग्रँड फोर्क्स तिथून जेमतेम 130 किलोमीटरवर. हॉकीसाठी ही माणसं किती वेडी आहेत ते सांगायचं तर त्यांच्या स्वतःच्या रिंकला साडेअकरा हजारांवर खुर्च्या आहेत, चामड्याच्या. पण त्या वर्षी यजमानच पात्र ठरले नाहीत. 2023 मध्येही असंच झालं होतं. 2025 मध्ये मिनेसोटातले दोन संघ आले, तेवढा आधार होता. दोन्ही पहिल्याच सामन्यात बाद. अंतिम सामना कुणात? मिशिगन राज्यातलं वेस्टर्न मिशिगन आणि मॅसॅच्युसेट्स. फार्गोपासून एक बारा तासांच्या गाडीवर, दुसरं अर्ध्या खंडापलीकडे. वेस्टर्न मिशिगन तिथून 2-1 नं निघालं आणि सेंट लुइसला बोस्टन युनिव्हर्सिटीला 6-2 हरवून पहिल्यांदाच राष्ट्रीय विजेतं झालं.

विकलेलं तिकीट आणि बसलेला माणूस यांत फरक असतो, आणि आमच्या धंद्यातलं निम्मं गूढ इथेच आहे. संध्याकाळी जाहीर होतो तो आकडा विकलेल्या तिकिटांचा. दारावरच्या स्कॅनरचा आकडा वेगळा, तो आम्ही मोठ्यानं वाचत नाही. अंतिम सामन्याच्या दिवशी दोन संघ आधीच बाद झालेले असतात, पण त्यांच्या पाठीराख्यांच्या खिशात तीन सामन्यांचं तिकीट असतं. ते सकाळी हॉटेल सोडतात आणि जाताना पार्किंगमध्ये दिसेल त्याच्या हातात तिकीट टेकवतात. मी एकदा लाल स्वेटर घातलेल्या एका आजोबांना पाहिलं, संघ हरला होता, त्यांनी चार तिकिटं शेजारच्या गाडीच्या वायपरखाली खोचली आणि निघून गेले. ती चार तिकिटं आमच्या कागदावर 'विक्री'. खुर्च्या रिकाम्या.

टीव्हीवर सगळ्यांत चांगल्या, बर्फालगतच्या खुर्च्याच नेमक्या रिकाम्या का दिसतात, हे मला पुष्कळजण विचारतात. त्या खुर्च्या विकल्या न गेल्यामुळे रिकाम्या नसतात. त्या विकायलाच उशिरा मिळालेल्या असतात. प्रत्येक संघाला खेळाडूंच्या बाकामागचा एक पट्टा राखून ठेवलेला असतो, त्यांच्या चाहत्यांसाठी. लांबचं कॉलेज तो पट्टा बुधवारी संध्याकाळपर्यंत धरून ठेवतं आणि मग म्हणतं, आमची दीडशेच माणसं येणार, उरलेलं परत. गुरुवारच्या दुपारच्या सामन्यासाठी बुधवारी रात्री मी ती कुणाला विकू? मग आमची मुलं वरच्या मजल्यावरच्या लोकांना खाली आणून बसवतात, आणि तेही कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूला आधी. वरच्या मजल्यावर काळे पडदे सोडायचे, दिवे मंद करायचे. इतकं करून चार हजार माणसं दहा हजारांच्या इमारतीत चार हजारच दिसतात.

सुरुवातीला माझ्या चुकलेल्या हिशेबाचा उल्लेख केला होता, तो सांगते. एका वर्षी आमच्या यजमान कॉलेजचा हंगाम झकास चालला होता. फेब्रुवारीत मी त्यांच्या भरवशावर माणसं लावली, दारं जास्त उघडायची ठरवली, खाण्याच्या कंत्राटदाराला मोठा आकडा दिला. शेवटच्या दोन आठवड्यांत ते घसरले आणि बाहेर पडले. आमच्या वाट्याला चार लांबची कॉलेजं आली. अंतिम सामन्यानंतर हॉटडॉगच्या पावाची खोकी आम्ही शहरातल्या अन्नछत्राला नेऊन दिली, ती गाडीत भरताना कंत्राटदाराचा माणूस माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती अजून आठवते. तेव्हापासून मी कुणाचाही हंगाम गृहीत धरत नाही.

याच्या उलटही होतं, आणि मला विचाराल तर ते जास्त चीड आणणारं. 2024 मध्येच एक विभागीय फेरी मिझुरीत, सेंट लुइसजवळच्या मेरिलँड हाइट्सला झाली. तिथल्या रिंकला खुर्च्या जेमतेम अडीच हजार. आणि पाठवलं कुणाला? मिशिगन, मिशिगन स्टेट, वेस्टर्न मिशिगन आणि नॉर्थ डकोटा. पहिले तीन एकाच राज्यातले, चारही गर्दी खेचणारे. अंतिम सामना मिशिगन विरुद्ध मिशिगन स्टेट, देशातली जुनी आणि कडवी चुरस. या दोन कॉलेजांत अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि मिशिगन स्टेटच्या स्वतःच्या रिंकमध्ये सहा हजारांवर माणसं बसतात. म्हणजे पुणे आणि सातारा यांची लढत, ती नागपूरला, आणि तीही एका मंगल कार्यालयात. तिकिटासाठी मारामारी झाली, पालकांनाही पुरी पडेनात. मिशिगन 5-2 नं जिंकलं. हाच सामना घरी झाला असता तर शहर रस्त्यावर आलं असतं.

इमारतीचा आकार हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आहे. त्यासाठी मला हॉकीपेक्षा सदाशिव पेठ जास्त उपयोगी पडते. कॉलेजात असताना मी पुरुषोत्तम करंडकाला आमच्या एकांकिकेची प्रॉम्प्टर होते. भरत नाट्य मंदिर काही मोठं सभागृह नाही. पण पडद्यापूर्वी "अरे आव्वाज कुणाचा" सुरू झालं की भिंती हलायच्या, कारण बसायला जागा नसायची आणि प्रत्येक कॉलेजची पोरं स्वतःच्या गटात ठाण मांडून असायची. तीच पोरं गणेश कला क्रीडा मंचात नेऊन बसवा. आवाज तेवढाच, पण तो छताला जाऊन हरवेल. हॉकीतही तेच. चार हजारांच्या रिंकमध्ये साडेतीन हजार म्हणजे रणधुमाळी, चौदा हजारांच्या अरीनात तेच साडेतीन हजार म्हणजे तेराव्याचं जेवण. म्हणून अर्ज वाचताना मी मोठी इमारत दिसली की आधी घाबरते.

मग फ्रोझन फोरला ही अडचण का येत नाही? कारण तो सामना उरत नाही, जत्रा होते. जागा दोन-तीन वर्षं आधी ठरलेली, तारीख ठरलेली, आणि माणसं संघ कुठला आहे हे न बघता येतात. दरवर्षी येणारे गट आहेत, आपापल्या कॉलेजचे स्वेटर घालून. ज्यांचा संघ बारा वर्षांत तिथे पोचलेला नाही तेही. टँपाला एप्रिलमध्ये ऊन असतं, त्यामुळे मिनेसोटातला माणूस हॉकीच्या निमित्तानं समुद्रावर जाऊन येतो. 2010 मध्ये तर डेट्रॉइटच्या फुटबॉल स्टेडियममध्ये बर्फ घातला आणि अंतिम सामन्याला 37,592 माणसं होती. बोस्टन कॉलेजनं विस्कॉन्सिनला 5-0 हरवलं. दृश्य भव्य, पण वरच्या रांगेतून पक दिसायचा नाही. तो प्रयोग पुन्हा झाला नाही, बरं झालं.

आपल्या मंडळींना हा फरक पटकन कळेल. 2013 च्या मार्चमध्ये प्रॉव्हिडन्सच्या अरीनात विभागीय फेरी झाली, आणि त्याच वर्षी जुलैत शेजारच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन. अधिवेशनाला माणसं कॅलिफोर्नियातूनही आली, कारण शहर आणि तारीख कितीतरी आधी माहीत होती, मामा-मावश्यांनी मिळून खोल्या घेतल्या होत्या, आणि कुठलं नाटक आहे हे शेवटच्या क्षणी ठरणार नव्हतं. अधिवेशनाच्या आदल्या रविवारी शहर जाहीर केलं असतं, तर पुरणपोळ्या कुणी खाल्ल्या असत्या?

बोस्टनची बीनपॉट ही स्पर्धाही तशीच. हार्वर्ड, बोस्टन युनिव्हर्सिटी, बोस्टन कॉलेज, नॉर्थईस्टर्न, चारही एकाच महानगरातले, फेब्रुवारीचे पहिले दोन सोमवार, 1952 पासून चालू. संघ ठरलेले, तारीख ठरलेली, घरी जायला लोकल ट्रेन. थंडीत सोमवारी रात्री व्यावसायिक संघाची इमारत भरते. स्पर्धेचा दर्जा राष्ट्रीय फेरीपेक्षा वरचा नाही. माणसाला यायला सोपं आहे, एवढंच.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कॉलेजांच्या रिंकवर का नाही. उत्तर असं की पूर्वी होत होते. 1991 पर्यंत पहिल्या फेऱ्या यजमान कॉलेजांच्या रिंकवर खेळल्या जायच्या, 1992 पासून तटस्थ शहरांत विभागीय फेरी आली. तटस्थ म्हणूनही कधी कधी कॉलेजचंच रिंक निवडलं जायचं: 2002 आणि 2003 अशी लागोपाठ दोन वर्षं ऍन आर्बरच्या योस्ट या मिशिगनच्या घरच्या रिंकवर विभागीय फेरी झाली आणि दोन्ही वर्षी मिशिगन तिथून पुढे गेलं. योस्टवर पोरं काचेला नाक लावून ओरडतात, पाहुण्या गोलरक्षकाला त्याच्या आईपासून सुरुवात करून सगळं ऐकवतात. पाहुण्यांची तक्रार समजण्यासारखी होती.

महिलांच्या स्पर्धेत मात्र आजही उपांत्यपूर्व फेरीपर्यंतचे सामने वरच्या मानांकित कॉलेजच्याच रिंकवर होतात. कुणी त्याला अन्याय म्हणत नाही. वर्षभर चांगलं खेळलात, घरी खेळा.

लीगनीही एकेक करून हाच रस्ता धरला आहे, आणि माझ्या मते खरा पुरावा इथे आहे. बिग टेन लीगनं हॉकी सुरू केल्यावर 2014 ते 2017 अशी चार वर्षं आपली अंतिम स्पर्धा आळीपाळीनं सेंट पॉल आणि डेट्रॉइटच्या मोठ्या अरीनांत घेतली. सेंट पॉलला पेन स्टेटचा माणूस येईना, डेट्रॉइटला मिनेसोटाचा. अठरा हजारांच्या इमारती बऱ्याच रिकाम्या राहायच्या. 2018 पासून सगळं कॉलेजांत नेलं. त्या वर्षीचा अंतिम सामना नोटर डेमच्या रिंकवर झाला, ओहायो स्टेटविरुद्ध, जादा वेळेत. नव्यानं सुरू झालेल्या सीसीएचए लीगनं पहिल्या दिवसापासून हेच केलं. आणि एनसीएचसी ही आजची सगळ्यांत तगडी लीग, तिची अंतिम स्पर्धा मिनियापोलिस-सेंट पॉलला वर्षानुवर्षं चालली, तिनंही 2026 पासून कॉलेजांत जायचं ठरवलं. त्याच सेंट पॉलला जुन्या डब्ल्यूसीएचए लीगच्या काळात तीन दिवस इमारत ओसंडायची, कारण तेव्हा मिनेसोटातली चार-पाच कॉलेजं एकाच लीगमध्ये होती. 2013 नंतर लीग फुटल्या, शेजारी वेगळे झाले, आणि गर्दीही वाटली गेली. इमारत तीच, शहर तेच. माणसं बदलली नाहीत, गाडीचं अंतर बदललं.

माझं मत विचाराल तर पहिली फेरी, म्हणजे आठ सामने, वरच्या आठ मानांकितांच्या रिंकवर घ्यावेत. त्यानंतरच्या चार सामन्यांबद्दल मी इतकी ठाम नाही. आठही संघ तोपर्यंत कळलेले असतात, आठवडाभराची सवड मिळाली तर दोन तटस्थ शहरांत दोन-दोन सामनेही भरतील.

पण खिडकीच्या आतून दिसणाऱ्या अडचणी लपवत नाही. काही चांगल्या संघांची रिंकं दोन-तीन हजारांची आहेत, टीव्हीचे ट्रक उभे करायला जागा नाही, पाहुण्यांची कपडे बदलायची खोली म्हणजे सायकलचं गॅरेज. मार्चच्या मधल्या काळात बऱ्याच कॉलेजांना सुट्टी असते. सुट्टी नेमकी त्या आठवड्यात आली तर ज्या विद्यार्थ्यांसाठी सामना घरी आणला तेच फ्लोरिडात. शिवाय रविवारी कळलं की शुक्रवारी तुमच्याकडे सामना आहे, तर तिकिटं छापण्यापासून पोलीस बंदोबस्तापर्यंत सगळं चार दिवसांत. कॉलेजची माणसं दर आठवड्याला हे करतात, त्यांना जमेल. त्या शुक्रवारी त्यांच्याच रिंकवर गावातल्या मुलांचं स्केटिंग प्रदर्शन लागलेलं असेल, तर मात्र आयांशी भांडण ओढवून घ्यायचं.

आणि एक खरी हानी होईल. 2013 मध्ये ग्रँड रॅपिड्सला येलनं मिनेसोटाला जादा वेळेत हरवलं, मग नॉर्थ डकोटाला, आणि पुढे विजेतेपद घेतलं. स्पर्धेत ते अगदी कडेवरून शिरले होते. तो सामना मिनेसोटाच्या दहा हजारांच्या रिंकवर झाला असता तर? कदाचित तरीही जिंकले असते, पण मी पैज लावली नसती. छोट्यानं मोठ्याला पाडण्याची वाट घरच्या बर्फावर अरुंद होते. प्रशिक्षकांत या विषयावर दोन तट आहेत, ते यामुळेच. ज्याचा संघ सहसा पहिल्या आठांत असतो तो घर मागतो, ज्याचा बाराव्या-तेराव्या क्रमांकावर असतो त्याला अचानक तटस्थता आठवते.

आता पुढच्या मार्चचं. मुलीच्या कॉलेजसाठी शरद ऋतूत तिकिटं घेऊन ठेवू नका. यजमान तेच कॉलेज असेल तर अपवाद, कारण मग पात्र ठरलं तर ते तिथेच खेळणार हे नक्की. इतरांनी रविवारपर्यंत थांबावं. शहर चार तासांत असेल तर त्याच संध्याकाळी कॉलेजच्या तिकीट कार्यालयातून त्यांच्या वाट्याच्या पट्ट्यातलं तिकीट मागा, अरीनाकडून नाही. त्या जागा बाकामागच्या असतात, बँड शेजारी बसतो. शहर लांब असेल तर बुधवारी रात्री अरीनाच्या साइटवर एकदा नजर टाका, परत आलेला पट्टा तेव्हाच दिसायला लागतो. आणि फक्त अंतिम सामना बघायचा असेल तर काहीच घेऊ नका. सामन्याच्या तासभर आधी पार्किंगमध्ये उभ्या राहा, हरलेल्या दोन संघांची माणसं अजून गाडीत सामान भरत असतील, आणि त्यांच्याकडे तिकिटं असतील. हातमोजे घाला, मार्चमध्ये तिथे वारा बोचतो.